उजवा एकेचाळीस

रक्तदाब मोजायचं यंत्र घरात असणं ही आमच्या कॉलनीत आता प्रतिष्ठेची गोष्ट राहिलेली नाही. ते प्रत्येकाकडे असतं आणि टीव्हीखालच्या खणात सेल संपून पडलेलं असतं. साखर मोजायचं यंत्रही सहा घरांत आहे. पण डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र, माझ्या माहितीप्रमाणे, साऱ्या मुखेडात एकाच माणसाकडे होतं. तो माणूस मी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं तोवर सगळं ठीक चाललं होतं.

मला काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे. हे वाक्य मी आजवर दोनशे जणांना ऐकवलं असेल आणि त्यातल्या एकशे नव्वद जणांनी "काढून टाका की मग, पंधरा मिनिटांचं काम हाय," असंच उत्तर दिलं. उरलेल्या दहांनी गुलाबपाणी, शेळीचं दूध आणि पांढऱ्या कांद्याचा रस सुचवला. सुचवणाऱ्या दहाही जणांना चष्मा होता.

नांदेडच्या डॉक्टर सादिया यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं, ते एका बारीक जाळीतून बाहेर जातं. जाळी तुंबली की पाणी साठतं, दाब वाढतो आणि मागची नस थोडी थोडी मरत जाते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते, आणि गेलेली परत येत नाही. मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात दप्तर कारकून होतो. रोज सकाळी आठला तलावाची पातळी पट्टीवर वाचायची, रजिस्टरला लिहायची आणि फोननं वर कळवायची, हे माझं काम. डॉक्टरांचं चित्र पुरं व्हायच्या आत मी म्हणालो, "म्हणजे आवक चालू आणि जावक बंद." त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. ते कौतुक मला नडलं.

कौतुकाची मला सवय नाही. माझं नाव निवृत्ती. सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात चार वक्ते बोलले आणि चौघांनीही "आज निवृत्ती निवृत्त होत आहेत" हा विनोद स्वतःचा असल्यासारखा केला. एकतीस वर्षांच्या नोकरीचं एवढंच मूल्यमापन झालं. त्यामुळे कुणी डॉक्टर बाई पेन ठेवून बघते म्हटल्यावर मी खुर्चीत जरा पुढं सरकलो. त्या म्हणाल्या, तुमचा दाब सत्तावीस आहे, तो एकवीसच्या आत हवा; रोज संध्याकाळी एक थेंब टाकायचा, तो आयुष्यभर. दाब दिवसभर बदलत राहतो, महिन्यातून एकदा इथं मोजून पुरं चित्र कळत नाही; पण घरी मोजणं आपल्याकडे सहसा जमत नाही. "जमत नाही" हे शब्द मी पिशवीत घालून घरी आणले.

पुण्याला असलेल्या आमच्या आदर्शला फोनवर सांगितलं. त्याच्या कंपनीतल्या मित्राच्या वडिलांकडे परदेशातून आणलेलं असं यंत्र होतं. वडील महिन्यापूर्वी वारले होते. "त्यांना आता लागत नाही, पप्पा," आदर्श म्हणाला. मी त्या गृहस्थांना मनोमन वंदन केलं आणि पार्सलची वाट बघत बसलो.

यंत्र टॉर्चएवढं. वरच्या बाजूला कपाळावर टेकवायचा एक दांडा आणि समोर सुईसारखं बारीक टोक, त्याला राईएवढा गोळा. ते टोक डोळ्याच्या बुबुळाला टिचकी मारून परत येतं. इतकी हलकी की कळतही नाही. हे पुस्तकात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात मी तीन दिवस भुवईला टिचक्या मारल्या आणि यंत्र लाल दिवा दाखवून माझा धिक्कार करत राहिलं. चौथ्या दिवशी माझी बायको धुरपता पोळ्या लाटून उठली, हात पुसले, म्हणाली, "आना इकडं," आणि पहिल्या फटक्यात हिरवा दिवा. अठरा. सातवी पास बाई. त्या दिवसापासून यंत्र चालवायचं काम तिच्याकडे आणि नोंद ठेवायचं माझ्याकडे आलं. मी जुन्या रजिस्टरचे कोरे कागद शिवून वही केली, रकाने आखले: दिनांक, वेळ, उजवा, डावा, शेरा.

इथवर एखादा शहाणा माणूस थांबला असता.

आमच्या मागच्या गल्लीत मन्मथअप्पा राहतात. मोकळ्या प्लॉटवर सकाळी योगवर्ग घेतात. थेंब म्हणजे डोळ्याला लावलेलं व्यसन, असं त्यांचं मत पडलं. पहाटे उठल्याबरोबर तांब्याच्या भांड्यातलं दोन तांबे पाणी एका दमात प्यायचं, मग भिंतीला पाय लावून शीर्षासन. रक्त डोळ्यांकडे जाईल, नस जिवंत होईल. वयाच्या साठाव्या वर्षी मी डोक्यावर उभा राहिलो. उभा राहिलो म्हणजे धुरपतानं उभा केला. भिंतीचा गिलावा पडला आणि खाली मीही पडलो; पण तिसऱ्या प्रयत्नाला दोन मिनिटं जमलं. उतरल्याबरोबर दाब मोजला. चौतीस.

अप्पा म्हणाले, घाण बाहेर पडून राहिली, थांबू नका. दुसऱ्या दिवशी छत्तीस. तिसऱ्या दिवशी घाबरून मी तिसरा तांब्या प्यालो. एकोणचाळीस. शेऱ्याच्या रकान्यात मी "परिस्थिती गंभीर" असं लिहिलं आणि वही पिशवीत घालून नांदेडची एसटी धरली. लोह्यापर्यंत मी दोन्ही डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसलो होतो. शेजारच्या बाईनं माझ्याबद्दल हळहळ व्यक्त करून माझी खिडकीची जागा घेतली.

डॉक्टरांच्या यंत्रावर सतरा भरले. त्यांनी माझी वही वाचली, मग विचारलं, "काका, सकाळी उठल्यावर काय काय करता?" मी सांगितलं. त्या क्षणभर भिंतीकडे वळून बसल्या. त्यांच्या हाताखालच्या दोन मुली बाहेर निघून गेल्या; त्या का गेल्या ते दारापलीकडून ऐकू आलं. नंतर डॉक्टर म्हणाल्या की एकदम इतकं पाणी प्यायलं की दाब चढतो, डोकं खाली केलं की आणखी चढतो, आणि काचबिंदूच्या माणसानं शीर्षासन तर कधीच करू नये. "तुमचं यंत्र बरोबर आहे, काका," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य त्या सौजन्यापोटी बोलल्या नाहीत. मी ते समजून घेतलं.

या फजितीची वाच्यता मी अप्पांखेरीज कुठं केली नाही. अप्पांनी मात्र केली, आणि ती अशी केली की निवृत्तीरावांचं मशीन नांदेडच्या दवाखान्याच्या बरोबरीचं आहे. लोकांना तेवढंच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, मी पातळी वाचायला बसलो तर ओसरीवर पाच माणसं. आमचंही बघा जरा.

आता एक गोष्ट सांगतो, ती मनात ठेवून पुढचं ऐका. या कॉलनीत आमचं घर पंधरा वर्षांपासून आहे. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो आहे, तो दारातून दिसतो. या पंधरा वर्षांत आमच्या घरचा चहा कॉलनीतल्या बऱ्याच जणांचा "आत्ताच झालेला" असतो. सकाळी सातला आत्ताच झालेला, दुपारी चारला आत्ताच झालेला. तीच माणसं आता आमच्या खुर्चीत बसून, मान मागं टाकून, डोळा फाडून धुरपताच्या हातात देत होती. मला त्या दृश्याचा फार आनंद झाला. तसा तो व्हायला नको होता, हे आता कळतं. मी वहीत नवीन रकाना वाढवला: नाव व वय.

अडचण टोकांची होती. ते सुईसारखं टोक एका माणसाला एकदाच वापरून फेकायचं असतं. पाकिटात पन्नास होती, ती चार दिवसांत संपत आली. आदर्शनं फोनवर बजावलं की एक टोक दोघांना वापरायचं नाही, काहीही झालं तरी. धुरपताही म्हणाली, बंद करा आता. पण सरकारी खात्यात मी एक रिफिल तिघांनी वापरलेली पाहिली आहे. मी टोक स्पिरिटच्या कापसानं पुसायचा मार्ग काढला. रांगेतल्या माणसाला परत पाठवायचं माझ्या जिवावर येत होतं. आयुष्यभर मी रांगेत होतो. आता रांग माझ्यासमोर होती.

पाचव्या दिवशी शेषेराव सर आले. हे आमच्या समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक, कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. माणूस ताठ, धोतर-सदरा कडक, शुद्धलेखन त्याहून कडक. आजवर कधी आमची पायरी चढले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंच्या आग्रहावरून आले, ओसरीवर आठ-दहा जण बसलेले होते त्यांच्यातून वाट काढत आत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. धुरपतानं आधी त्यांच्याकडे बघून पाकिटातलं शेवटून दुसरं नवं टोक काढलं. उजवा मोजला. तिनं यंत्र माझ्याकडे वळवून आकडा दाखवला. एकेचाळीस. पुन्हा मोजला, एकेचाळीस. डावा अडतीस.

त्या बाईला अक्कल होती. ती म्हणाली असती, सर, जरा आत या. मी तिला संधी दिली नाही. मी लाल पेन उचललं, आकडे लिहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "उजवा एकेचाळीस, डावा अडतीस. सर, तुमचं तर धरण फुटायला आलंय."

ओसरी हसली. जवळपास सगळे हसले. पंधरा वर्षांत माझ्या विनोदाला या कॉलनीत कुणी असं हसलं नव्हतं.

सर उठले. मी मागून म्हणालो, नांदेडला दाखवून या, लवकर दाखवा. म्हणालो हे नक्की. पण ते हसण्यात बुडालं असावं. त्यांनी चपला घातल्या, एक पायात नीट जाईना, ती तशीच ओढत ते रस्ता ओलांडून गेले.

नंतरच्या मंगळवारी अप्पांचे डोळे आले. गुरुवारपर्यंत कॉलनीतल्या अकरा घरांत डोळे आले, लाल, चिकट, सुजलेले. माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की त्या पंधरवड्यात बाजारातही डोळ्यांची साथ होती आणि ज्यांनी माझ्याकडे मोजलं नव्हतं त्यांचेही आले. पण माणसाला साथीवर राग काढता येत नाही. रांग लावणारे रस्त्यानं तोंड फिरवून जाऊ लागले. सरांचेही डोळे आले. नवं टोक वापरूनही आले, हे मला आजही कुणाला पटवता येत नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस एक पथक आलं. बोगस डॉक्टर शोधणारं. कुठल्या कार्यालयाचं ते लिहीत नाही. कार्यालयाचं नाव कागदावर येण्याआधी वरून मान्यता लागते, हे मी जन्मभर पाळलं आहे. पथकाचे प्रमुख रविकिरण नावाचे तरुण अधिकारी होते, फार नम्र. चपला बाहेर काढून आत आले, मला काका म्हणाले आणि माझ्यावर विनापरवाना वैद्यकीय व्यवसायाचा आरोप असल्याचं सांगितलं. मी म्हणालो, कुणाकडून छदाम घेतलेला नाही. त्यांनी स्वयंपाकघरात पाहिलं. तिथं एका पेशंटनं, म्हणजे एका शेजाऱ्यानं, आणून दिलेली गवार होती. पंचनाम्यात ती "वस्तुरूप मोबदला, अंदाजे एक किलो, निवडलेली" अशी नोंदली गेली.

सगळ्यात भक्कम पुरावा माझी वही. नाव, वय, वेळ, उजवा, डावा, शेरा, मोत्यासारखं अक्षर. रविकिरण पानं उलटत म्हणाले की त्यांना आजवर इतकं व्यवस्थित रेकॉर्ड एकाही बोगस डॉक्टरकडे मिळालं नव्हतं. नोकरीत असताना कुणी साहेबानं हे म्हटलं असतं तर मी त्याचं नाव नातवाला ठेवलं असतं.

पंच म्हणून मन्मथअप्पांना बोलावलं. ते लाल डोळ्यांनी सही करायला आले. यंत्र पांढऱ्या कापडात गुंडाळलं, लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली, आणि रविकिरण घुटमळले. मग हळूच म्हणाले, त्यांच्या वडिलांना काचबिंदू होता, तर सील करायच्या आधी एकदा. धुरपतानं पाकिटातलं शेवटचं टोक काढलं. सतरा, सोळा. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि यंत्राला सील ठोकलं. ही तपासणी पंचनाम्यात नाही.

तक्रार अर्जाची प्रत मला मिळाली. अर्ज शेषेराव सरांचा होता. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. त्यात लिहिलं होतं की सदर अपात्र इसमानं लोकांच्या डोळ्यांशी खेळ मांडला असून खोटे आकडे सांगून प्रतिष्ठित नागरिकांची भर वस्तीत टवाळी केली. टवाळीचं मी समजू शकत होतो. "अपात्र" हा शब्द मात्र मी दिवसभर वाचत बसलो. त्या शब्दाशी आमच्या घराण्याची जुनी ओळख आहे. माझ्या बापाला तो शाळेच्या पायरीवर ऐकावा लागला होता, आजोबाला आडावर. सरांच्या मनात ते होतं की नव्हतं, मला माहीत नाही. माझ्या मनात मात्र ते घर करून बसलं.

यंत्र सोडवायच्या भानगडीचं सविस्तर वर्णन करणार नाही. मीच अशा भानगडी लोकांच्या मागं लावत आलो होतो, त्यामुळे तक्रारीला तोंड नव्हतं. यंत्र स्वतःच्या वापरासाठी असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा, म्हणाले. आणला. खरेदीची पावती आणा. पावती मेलेल्या गृहस्थांच्या नावावर. त्यांचं ना-हरकत पत्र आणा. मी म्हणालो, ते वारले. मग तसा दाखला आणा. पुण्याहून एका अनोळखी माणसाच्या मृत्यूचा दाखला मागवून मी मुखेडला माझ्या डोळ्यांसाठी सादर केला. दरम्यान महिन्याच्या महिन्याला नांदेडला जाऊन दाब मोजून येत होतो. थेंब चालू होते, दाब सोळा-सतरा राहत होता. माझं काही अडलं नव्हतं, हे इथं स्पष्ट नोंदवतो.

अडलं होतं समोरच्या घरात.

एप्रिलमध्ये मी ओसरीवर पेपर वाचताना सर फिरायला निघाले आणि उभ्या मोटारसायकलच्या आरशाला त्यांचा उजवा खांदा धडकला. गाडी कुणी लावली म्हणून ते ओरडले. गाडी रोज तिथंच असते. मग फाटकाची कडी शोधताना त्यांचा हात दोनदा कडीच्या बाजूला पडलेला मी पाहिला. एक मे रोजी मोकळ्या प्लॉटवर झेंडावंदन होतं. अध्यक्ष म्हणून सर पुढं गेले, दोरी धरायला हात लांबवला आणि हवेत मूठ मिटली. पुन्हा लांबवला, पुन्हा हवेत. पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. हसताना बाजूला बघितलं तर धुरपता माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "त्या मान्साची नजर चालली. कडंची चालली. जाऊन सांगा त्यायला."

मी म्हणालो, सांगितलं होतं, वहीत नोंद आहे.

"चारचौघात हसून सांगितलं. आता नीट सांगा."

"अपात्र माणसानं काय सांगायचं? लेखी दिलंय त्यांनी."

"मग मी जाऊन पार्वतीबाईला सांगून येते."

"त्यांच्या दारात पाऊल टाकायचं न्हाई," मी म्हणालो. हे मी ज्या आवाजात म्हणालो तो आवाज मी तिच्यासमोर पूर्वी कधी वापरलेला नव्हता. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझं फारसं ऐकलेलं नाही, आणि त्यामुळेच आमचं बरं चाललं. नेमकं त्या दिवशी तिनं ऐकलं.

ऑगस्टमध्ये यंत्र मिळालं. त्याआधी एका हमीपत्रावर सही घेतली. त्यात टंकलिखित मजकूर असा होता की "मी यापुढे माझ्या स्वतःच्या डोळ्यांव्यतिरिक्त अन्य कोणाच्याही डोळ्यांत पाहणार नाही." मी तिथल्या लिपिकाला सुचवलं की "डोळ्यांत" च्या ऐवजी "डोळ्यांचा दाब" असं हवं. तो म्हणाला, एकच नमुना आहे, करायची तर करा सही. केली.

सप्टेंबरमध्ये धुरपताला घेऊन मी नांदेडला गेलो. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत गर्दी होती. एका बाकावर दोन जागा रिकाम्या होत्या, तिथं बसलो आणि मग पाहिलं की शेजारी शेषेराव सर बसलेत. पलीकडं पार्वतीबाई, त्यांचं मनगट धरून. सर सरळ समोर बघत होते. सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात गेलेलं होतं. मी त्यांच्या उजव्या हाताला एका वितीवर होतो आणि त्यांना दिसत नव्हतो.

मला उठून जाता आलं असतं. धुरपतानं माझा सदरा धरून ठेवला होता.

थोड्या वेळानं सरांनी विचारलं, "किती नंबर चालू हाय?" प्रश्न कुणालाच उद्देशून नव्हता. मी म्हणालो, एकोणीस.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली, पुरती वळवली, कोंबडा वळवतो तशी. "निवृत्तीराव का?"

"हाव, सर."

त्यांनी मान पुन्हा समोर वळवली. पार्वतीबाईंनीच हळू आवाजात सांगितलं, उजवा डोळा गेला. डावा आहे, पण नळीतून बघावं तेवढाच. जुलैमध्ये जिन्यावरून पडले तेव्हा दवाखान्यात आणलं आणि मग कळलं. डॉक्टर म्हणाल्या, पाच-सहा महिने आधी आले असते तर एवढी नजर गेली नसती.

"तुम्ही आकडा सांगितला होता," सर म्हणाले. "एकेचाळीस. माझ्या ध्यानात हाय. मला वाटलं, लोकांसमोर माझी जिरवून राहिले." मग त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता; वर्गात पोराला उत्तर येत नसलं की शिक्षक विचारतो तसं, समजून घ्यायला विचारलं. "पण निवृत्तीराव, दुसऱ्यांदा काहून नाही सांगितलं? समोर तर ऱ्हाता तुम्ही. दिसलं असंल की तुम्हाला."

मला दिसलं होतं. आरसा दिसला होता, कडी दिसली होती, हवेत मिटलेली मूठ दिसली होती. मी म्हणालो, "मशीन तिकडं अडकलं होतं, सर."

त्यांनी मान हलवली. ते उत्तर त्यांना पटलं. "मंजी माझ्याच अर्जानं," ते म्हणाले. "माझ्याच हातानं केलं मी."

पार्वतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. धुरपतानं माझा सदरा सोडला.

माझा नंबर आला. डॉक्टरांनी दोन्ही डोळे मोजले. पंधरा, चौदा. त्या खूश झाल्या, हाताखालच्या मुलींना म्हणाल्या, बघा, पेशंट असा असावा, नियमानं थेंब टाकतो, नोंद ठेवतो. कार्डावर "उत्तम" असं लिहून त्याखाली रेघ मारली. आयुष्यात मला मिळालेला तो सर्वांत चांगला शेरा. मी तो खिशात घालून बाहेर आलो.

परतीच्या एसटीत धुरपता खिडकीतून बाहेर बघत होती. कंधार मागं पडल्यावर एवढंच म्हणाली, "मशीन कशाला लागतंय सांगायला. तोंड लागतंय." एरवी तीच टाकते तो संध्याकाळचा थेंबही त्या दिवशी तिनं टाकला नाही. मीच टाकला, निम्मा गालावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडला. पंधरा वर्षांत मीही त्या घरात गेलो नव्हतो. सर आरामखुर्चीत होते. मी उभ्यानंच सांगितलं. मशीन अडकलं होतं म्हणून मी गप बसलो नव्हतो. तुमचा अर्ज वाचला, त्यातला एक शब्द लागला आणि तुम्ही आरशाला धडकताना मी मजेनं बघत बसलो. बायको येणार होती सांगायला, तिला मीच अडवलं.

सर ऐकत होते. कोणता शब्द, हे त्यांनी विचारलं. मी सांगितला. त्यांचा चेहरा हलला. आतून पार्वतीबाईंच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता चालते व्हा म्हणतील, आणि मी तयारीतच आलो होतो.

ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, डावा रोज मोजाय पाहिजे. तुमचं मशीन घेऊन या. सकाळी आठला. बाईंना आना सोबत, तुमच्या हाताला जमत न्हाई म्हणतात."

तेव्हापासून आम्ही रोज जातो. त्यांची टोकं आदर्शनं वेगळी पाठवलीत, एक वापरलं की धुरपता माझ्यादेखत मोडून टाकते. हमीपत्राचा हा रोजचा भंग आहे आणि कार्यालयाला त्याची कल्पना नाही. पार्वतीबाई चहा आणतात. आम्ही पितो. सर माझ्याशी बोलत नाहीत. धुरपताशी बोलतात, पिकापाण्याचं विचारतात, माझ्याशी एक शब्द नाही. ते मान मागं टाकतात, डावा डोळा उघडतात, ती मोजते, यंत्र माझ्याकडे वळवते, आणि मी आकडा सांगतो. सरांना तो पहिल्या खेपेलाच नीट ऐकू जातो, मान हलवतात ते. तरी मी आकडा दोनदा सांगतो.